एकोणीसशे चाळीस तास

हॅनलीविल, ९ ऑक्टोबर

मार्नी,

पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिला वाटलं, मी तुला वाढदिवसाचं काहीतरी पाठवतोय. तिला तसंच वाटू दे. माझा फोन तू घेत नाहीस, मेसेज पोचतो की नाही कळत नाही, म्हणून हा कागद. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर फाड. पण आधी एकदा वाच, कारण काम तुझंच आहे.

बुधवारी सॉ मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोन आला. मेडिकल कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाई होत्या. आवाज अगदी मधाळ. "मिस्टर ब्रुबेकर, हॅनलीविलच्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्सचे कॅप्टन तुम्हीच ना? मार्नी ब्रुबेकर यांनी अर्जात लिहिलंय, तुमच्याकडे एकोणीसशे चाळीस तास काम केलं म्हणून. खात्री करायला तुमचं नाव दिलंय. आडनाव एकच दिसतंय, नात्यातल्या का?"

"आमच्या भागात हे आडनाव बऱ्याच जणांचं आहे," मी म्हणालो.

बघ. तोंड उघडलं आणि पहिलंच वाक्य हे. मग करवत सुरू झाली, मी म्हणालो ऐकू येत नाही. बाई म्हणाल्या, हरकत नाही, फॉर्म पोस्टाने पाठवते, नोव्हेंबर संपायच्या आत सही करून धाडा. फॉर्म आलाय. टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवलाय. कधीपासून, कधीपर्यंत, एकूण तास किती, आणि सही. एवढंच आहे त्यात.

सही मी करणार होतो. खरं सांगतो, पेन हातात घेतलं होतं. इतकी वर्षं केली, आणखी एक. पण त्याच दिवशी तुझ्या आईने तू अर्जात लिहिलेला तो मजकूर पाठवला, सगळ्यात महत्त्वाचा अनुभव म्हणून लिहिलेला. 'वाच, आपली लेक किती सुंदर लिहिते!' वाचला. रॉय पेटकोवर लिहिलंयस. नाव घातलं नाहीस, 'एक वृद्ध गृहस्थ' म्हटलंयस. सदुसष्ट वर्षांचा होता तो, पुढच्याच महिन्यात नातीच्या लग्नात नाचणार होता. वृद्ध कसला. आणि पुढे लिहितेस, 'त्या दुपारी ॲम्ब्युलन्सच्या बॅटरीने दगा दिला. मी हतबल होऊन तिथे उभी होते, आणि मला कळलं की मला डॉक्टर व्हायचंय.'

कुठे उभी होतीस, मार्नी?

ॲम्ब्युलन्स स्टेशनात मी उभा होतो. एकटा. तू पन्नास मैलांवर विल्यमस्पोर्टला होतीस.

तास वाढवून लिहिलेस ते एक वेळ समजू शकतो, सगळी पोरं लिहितात म्हणे. पण बॅटरीचं लिहायला नको होतंस. रॉयचं मरण फॉर्मात भरायला नको होतंस. खरा आकडा काय तो मला लिहून कळव, मग बघू सहीचं काय ते.

तुझा बाप

*

२१ ऑक्टोबर

मार्नी,

तुझं कार्ड आलं. तू जाऊन दोन वर्षं होत आली, आणि त्यानंतर या दोन ओळी. 'जा म्हणून तूच सांगितलंस. आणि बॅटरीचं मी नाही काढलं, तू काढलंस.' खाली सहीसुद्धा नाही. सह्यांचा कंटाळा आला असेल, मला समजतं.

खरं आहे. जा म्हणालो होतो.

कसं सुरू झालं ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. शनिवारी तुझी बारा तासांची ड्युटी आणि सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर. स्टेशनातल्या सोफ्यावर पुस्तक घेऊन बसली होतीस, डोळे लाल. मीच म्हणालो, "घरी जा, झोप काढ, मग अभ्यास कर. रजिस्टरमध्ये मी बघतो." तू म्हणालीस, "बाबा, पण मग तास?" मी म्हणालो, "तास कुठे पळून जातात?" आणि तुझ्या नावापुढे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा लिहून टाकलं. तू हसलीस, माझ्या टकलावर टपली मारलीस, गेलीस.

तुझ्यासाठी केलं असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धं आहे. काउंटीच्या कचेरीतून पत्र आलं होतं तेव्हा: स्टेशनात चोवीस तास दोन माणसं हजर दिसली नाहीत, तर हॅनलीविलची ॲम्ब्युलन्स बंद करून सगळं शेजारच्या बार्टन गावाला जोडणार. माणसं कुठून आणणार? जुने म्हातारे झाले, तरुण शहरात गेले. मला रजिस्टरमध्ये दुसरं नाव हवं होतं. तुला अर्जासाठी तास हवे होते. बाप-लेकीचं छान जमलं.

तुला एक माहीत नसेल. तू नसलेल्या प्रत्येक ड्युटीपुढे मी पेन्सिलने बारीक टिंब द्यायचो. फसवायचं होतं काउंटीला, स्वतःला नाही. आज मी एकटा आहे हे मला तरी ठाऊक असावं ना. परवा ती सगळी रजिस्टरं घरी आणली आणि टिंबं वजा केली. सहाशे अठ्ठ्याऐंशी. एवढे तास तू खरंच तिथे होतीस. आणि सांगतो, चांगलं काम केलंस. लॅंबर्टच्या पोरीचं बाळंतपण गाडीतच झालं, तेव्हा मी नुसता टॉवेल धरून होतो, बाळ तू घेतलंस. सहाशे अठ्ठ्याऐंशी काही कमी नव्हते गं. तेवढेच लिहिले असतेस तर?

आता वेंडलचं. वेंडल हॉकचं नाव तू कार्डात काढलं नाहीस, तेव्हा मीच काढतो. आपल्या गाडीची देखभाल त्याच्याकडे होती, एकोणीस वर्षं, फुकट. बॅटरी त्यानेच नोव्हेंबरमध्ये बदलली होती. रॉय गेला त्या आठवड्यात पेपरात आलं, 'थंडीत बॅटरी बसली, ॲम्ब्युलन्स निघालीच नाही'. नाव कुणी छापलं नाही, पण हॅनलीविलमध्ये बॅटरी म्हणजे वेंडल हे काय छापावं लागतं? त्याच्या गॅरेजात लोक जायचे बंद झाले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. नुसत्या गाड्या बार्टनला जायला लागल्या. फायर हॉलमध्ये शुक्रवारी गावजेवणाला मासे तळतात, तिथे तो रांगेत उभा राहिला की पुढचामागचा एकदम हवापाण्यावर बोलायला लागतो. मार्चमध्ये त्याने माझ्या हातात ॲम्ब्युलन्सच्या किल्ल्या ठेवल्या. "लीलंड, माझ्यावर आता विसंबू नकोस. मी काय विसरलो तेच मला कळत नाहीय." मी किल्ल्या घेतल्या. घेतल्या आणि म्हणालो, "होतं असं कधी."

होतं असं कधी! हे म्हणालो मी त्याला.

बॅटरीला काही झालं नव्हतं. हे तुला ठाऊक आहे आणि मला. गाडी चालू झाली असती. पण नियमाने ॲम्ब्युलन्स एकट्याने काढता येत नाही. पेशंटजवळ एक, चालवायला एक. मी एकटा होतो. काय करणार होतो मी?

तुझा बाप

*

३ नोव्हेंबर

मार्नी,

मागच्या पत्रात शेवटी प्रश्न विचारला होता, काय करणार होतो मी. तू उत्तर पाठवलं नाहीस. गेले दहा-बारा दिवस त्याचं उत्तर माझ्याच तोंडाशी येतंय आणि मी ते गिळतोय. आज लिहितो. मग तू काय ते ठरव.

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी कंट्रोल रूमचा कॉल आला. रिज रोड, पेटको, छातीत कळ, घाम. त्याच्या बायकोने, इर्माने, फोन केला होता. रॉय शुद्धीवर होता, बोलत होता, बूट घालून तयार बसला होता. मी वायरलेसवर म्हणालो, "हॅनलीविल निघतंय."

निघालो नाही.

तू म्हणाली होतीस, मेडिकल प्रवेशाची सराव परीक्षा एकला संपेल, दोनपर्यंत पोचते. मला वाटलं, कोपऱ्यावर असशील. आत्ता गाडी वळेल, उडी मारून बसशील, कुणाला काही कळायचं नाही. तुला फोन केला. वाजत राहिला. परत केला. तिसऱ्यांदा केला. वाटलं, परीक्षा लांबली असेल, फोन बाहेर ठेवायला लावतात म्हणे. मी शटर उघडून रस्त्याकडे बघत उभा राहिलो. बर्फ पडत होतं. इंजिन चालू होतं, मार्नी. गाडी घुरघुरत होती माझ्या पाठीमागे, हीटर लावलेला, सगळं तयार.

आणि वेंडल कुठे होता? दोन गल्ल्या पलीकडे, आपल्या घरी. त्याच्याकडे ॲम्ब्युलन्स चालवायचा परवाना होता. हाक मारली असती तर बनियनवर आला असता. चार मिनिटांत. मी त्याला फोन केला नाही. का, ते लिहायलाच हे पत्र घेतलंय. तो आल्या आल्या विचारणार, "मार्नी कुठाय? रजिस्टरमध्ये तर तिचं नाव आहे." एवढ्या एका प्रश्नाला मी भ्यालो. रॉय पेटको बूट घालून बसलाय आणि मी त्या प्रश्नाला भ्यालो.

दोन अठ्ठावीसला कंट्रोल रूमने विचारलं, "हॅनलीविल, तुम्ही कुठे आहात?" मी हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, आणि म्हणालो, "गाडी चालू होत नाहीय. कधीचा प्रयत्न करतोय." बॅटरी तिथे जन्मली. आधी ठरवलेलं काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि एकदम इतकं खरं वाटलं की मी बॉनेटसुद्धा उघडून उभा राहिलो. एकटाच. बघायला कुणी नव्हतं.

मग त्यांनी बार्टनला कळवलं. बार्टनची गाडी तीन वाजून एका मिनिटाने पोचली. इर्मा म्हणतात, पावणेतीनला तो खुर्चीतून खाली आला. त्याआधी दोनदा म्हणाला, "लीलंडला इतका वेळ का लागतोय गं?"

शॉक द्यायचं यंत्र माझ्या गाडीत होतं. मी आणि वेंडल अडीचला रिज रोडवर असतो.

एकट्याने जाता येत नाही हे मी काउंटीच्या चौकशीतसुद्धा बोललो नाही, कारण कागदावर आपण दोघं होतो. त्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, "हो, मी तिथेच होते, गाडी चालू झाली नाही." माझ्याकडे न बघता म्हणालीस. घरी आल्यावर मी कॉफी टाकली, तू बॅग भरलीस. तेव्हा मला राग आला होता, ही मला सोडून जाते म्हणून. पोरीला खोटी साक्ष द्यायला लावली आणि वर तिच्यावरच रागावलो. मी हा असा आहे.

पेपरवाल्याने लिहिलं होतं, 'कॅप्टन ब्रुबेकर नऊ मिनिटं किल्लीशी झुंजत होते.' ते कात्रण मिलमध्ये कुणीतरी फळ्यावर लावलं. मी ते काढलं नाही.

फॉर्म अजून मिठाच्या बरणीखालीच आहे.

बाबा

*

२६ नोव्हेंबर

मार्नी,

तुझं काही आलं नाही. मी वाट बघितली, मग बघायची सोडली. जे केलं ते सांगतो. तुझी परवानगी घेऊन करायला हवं होतं, असं तुला वाटेल. पण परवानग्या घेत बसलो असतो तर परत मिनिटं मोजायची वेळ आली असती.

शनिवारी सकाळी वेंडलकडे गेलो. गॅरेजात होता, एका गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत. गाड्या येत नाहीत ना आता. मला बघून खुश झाला. ते फार वाईट वाटलं. "ये रे ये! हरणाची शिकार सुरू होतेय सोमवारपासून. येतोस का यंदा?"

मी म्हणालो, "वेंडल, बॅटरी चांगली होती."

"कुठली?"

"त्या दिवशीची. गाडी चालू होती. मार्नी नव्हती ड्युटीवर, मी एकटा होतो आणि मी सांगितलं नाही. तुला बोलावलं नाही. तुझ्या बॅटरीवर ढकललं."

त्याने पातं खाली ठेवलं, हात पुसले, सावकाश, एकेक बोट. मग कपाटापाशी गेला, खालच्या फळीवरून ताडपत्री बाजूला केली. आपल्या गाडीची ती बॅटरी. काउंटीने नवीन बसवली तेव्हा जुनी त्याने मागून घेतली होती. बाजूला वही. पानंच्या पानं तारखा आणि व्होल्ट. उन्हाळ्यात तपासलेली, थंडीत तपासलेली, बाहेर बर्फात ठेवून तपासलेली.

"दर वेळी चांगलीच यायची," वेंडल म्हणाला. "मला वाटलं माझा मीटर बिघडलाय. दुसरा घेतला. मग वाटलं, डोकं बिघडलंय. बायकोला म्हणालो, डॉक्टरला दाखवतो, मी गोष्टी विसरायला लागलोय. दाखवलंही. त्यांनी मला चित्रं दाखवली, लीलंड. कागदावर घड्याळ काढायला लावलं. हे बदक आहे का, ही कात्री आहे का, ओळखा म्हणाले."

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही. लिहिण्यासारखी नव्हती.

"तू माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होतास," तो म्हणाला. "किल्ल्या परत दिल्या त्या दिवशी सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तेव्हाही मी तुला चहा पाजला असता. आता मात्र जा." मी दारापर्यंत गेलो, तर मागून म्हणाला, "इर्माला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलास? इथे स्वस्तात सुटशील म्हणून?"

तसंच होतं. तिथून सरळ रिज रोडला गेलो. इर्मा पेटको चर्चसाठी अक्रोडाचे रोल लाटत होत्या, कोपरापर्यंत पीठ. मला म्हणाल्या, "बस लीलंड, अंगठ्याने कडा दाबून दे जरा." मी हात धुतले आणि दाबायला लागलो. दोन रोल झाले. मग सांगितलं. निघतंय म्हणालो ते, तुला केलेले फोन, वेंडल, इंजिन, सगळं. त्या लाटत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "त्याने विचारलं होतं, लीलंडला इतका वेळ का लागतोय. मी त्याला म्हणाले, येतोय रे, लीलंड कधी थांबायचा नाही."  ओव्हन तापल्याची टिकटिक. शेवटी म्हणाल्या, "दोन वर्षं वेंडल माझ्या दारातलं बर्फ काढतोय. मी नको म्हटलं तरी येतो. मला वाटायचं, अपराधी वाटतं बिचाऱ्याला. मी त्याला माफ करत होते, लीलंड. दर आठवड्याला. ज्याने काही केलंच नाही त्याला."

उठ म्हणाल्या नाहीत. मीच उठलो. मागून एवढंच म्हणाल्या, "सोमवारी मी काउंटीला फोन करणार आहे." मी म्हणालो, "करा."

रविवारी फॉर्म भरला. एकूण तास: सहाशे अठ्ठ्याऐंशी. खाली जागा होती, तिथे लिहिलं की उरलेले तास कॅप्टनने स्वतः खोटे लिहिले, अर्जदाराला ते लिहायची सवय त्यानेच लावली, आणि कॅप्टन अर्जदाराचा बाप आहे. सही केली. काल पोस्टात टाकला.

मी तुझं नुकसान केलं हे मला समजतं. वाचवत होतो तेव्हाही नुकसानच करत होतो, ते समजायला मला इतके दिवस लागले.

बाबा

*

१९ जानेवारी

मार्नी,

हे शेवटचं. यापुढे तुझ्या दारात पाकीट पडणार नाही.

काउंटीने माझा परवाना काढून घेतला. तो जाणारच होता. रजिस्टरं घेऊन गेले, टिंबांसकट. तुझ्यासारखी आणखी दोन नावं होती, ती मी तुला कधी सांगितली नव्हती. एक तर चार वर्षांपूर्वी गाव सोडून गेला होता आणि माझ्या रजिस्टरमध्ये रोज ड्युटी करत होता. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापासून स्टेशन बंद आहे. आता कुणाच्या छातीत कळ आली तर बार्टनहून येतात, अर्धा तास, बर्फ असलं तर जास्त. मिलमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि त्यांचं म्हणणं असं की मी दोन वर्षं गप्प होतो तसाच राहायला काय झालं होतं, निदान गाडी तरी राहिली असती गावात.  वेंडलकडे मात्र गाड्या परत यायला लागल्यात. तो त्या घेतो आणि पैसे सांगताना मान वर करत नाही. माझ्याशी बोलत नाही. आता कधी बोलेलसं वाटत नाही.

कॉलेजच्या बाईंचा फोन आला होता, नाताळाच्या आधी. म्हणाल्या, "तुमचा फॉर्म मिळाला, आभार. पण फाइल आम्ही आधीच बंद केली होती. अर्जदारांनी दोन नोव्हेंबरलाच अर्ज मागे घेतला. सगळ्या कॉलेजांतला." मी विचारलं, कारण काय दिलं? बाई म्हणाल्या, कारण द्यावं लागत नाही.

दोन नोव्हेंबर. मी नऊ मिनिटांचं लिहायला बसलो, त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे माझ्या सहीसाठी तू थांबली नव्हतीस. खरं सांगू? ऐकून बरं वाटलं नाही. मी एवढं उसनं अवसान आणून खरं बोललो, आणि त्याची कुणाला गरजच नव्हती. हे असं वाटलं, हेही तुला सांगून टाकतो, आता लपवायचं काय राहिलंय.

पुढचं इर्माकडून कळलं. त्या स्वतः आल्या माझ्याकडे, परवा, दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझी मुलगी येऊन गेली. शनिवारी."

मी म्हणालो, "इथे? हॅनलीविलला?"

"माझ्याकडे. तासभर बसली. तुला सांगू नका म्हणाली नाही, म्हणून सांगते."

त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. म्हणजे तुला कळेल की मला कळलंय. तू त्यांना म्हणालीस, "आजी, बाबाने सांगितलं ते खरं आहे, पण त्याला वाटतं माझा फोन परीक्षेत बाहेर ठेवलेला होता. परीक्षा एकलाच संपली होती. मी मैत्रिणींबरोबर पिझ्झा खात बसले होते. फोन टेबलावर होता. तिन्ही वेळा मी नाव बघितलं. कधी येतेस म्हणून कटकट करत असेल असं वाटलं, आणि तो पालथा घातला. उचलला असता तर मी एवढंच म्हणाले असते, वेंडलकाकाला हाक मार. पहिल्या मिनिटाला म्हणाले असते."

 मी पायरीवर बसलो.

"मला कशाला सांगता हे?" मी इर्माला म्हणालो. "तिच्यावर आणखी कशाला? ती पोर होती. मीच ना सगळं..."

"तेच," इर्मा म्हणाल्या. "तुला वाटायला लागलंय, सगळं तूच केलंस. आधी सगळं लपवलंस, आता सगळं स्वतःच्या नावावर करतोयस. तिच्या वाटचं तिला राहू दे, लीलंड. ते घेऊनच ती आली होती माझ्याकडे, एवढ्या लांब, बर्फातून. तू मध्ये हात घालू नकोस."

"काय म्हणालात तुम्ही तिला?"

"ते तुला कशाला हवंय?"

आणि त्या गेल्या. पायऱ्या उतरताना मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कठड्याला धरून उतरल्या.

शनिवारी तुझी गाडी मी बघितली होती. तेव्हा ओळखली नाही, आता समजतं. निळी, मागच्या काचेवर तुझ्या कॉलेजचा तो स्टिकर. दुपारी तीनच्या सुमारास. मी दारातलं बर्फ ओढत होतो. रिज रोडवरून खाली आली, आपल्या कोपऱ्यावर थांबून उजवीकडे, आपल्या घराकडे वळायचा दिवा लावलास. मला वाटलं, कोणीतरी रस्ता विचारणार. मी फावडं टेकवून उभा राहिलो. मग तू दिवा बंद केलास आणि सरळ हायवेकडे निघून गेलीस.

बरं केलंस. मी दार उघडलं असतं आणि पहिलं वाक्य काय बोललो असतो, मला माहीत नाही.

लीलंड ब्रुबेकर